गच्चीवरचं परडं

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना जसं आलं, जवळजवळ तसंच ठेवलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय छापलाय 'पंचवीस वर्षांचे सिंहावलोकन'. ते सिंहावलोकन सेक्रेटरींनी अहवालात तारखांसकट केलेलं आहे. प्लॉट कधी घेतला, एन.ए. कधी झाला, कन्व्हेयन्ससाठी किती हेलपाटे घातले, लिफ्ट कधी बसली, सगळं आहे. तेच मी परत वाचत बसलो तर जेवण गार होईल. तेव्हा मी एकाच जागेबद्दल बोलणार आहे, 'बी' बिल्डिंगच्या गच्चीबद्दल. येत्या वार्षिक सभेत त्या गच्चीचा विषय येणार आहे, आणि त्यावरचं माझं मत मी आजच सांगून टाकतो. सभेत सगळे एकदम बोलतात. आज माइक माझ्याकडे आहे.

कागलच्या जुन्या घरांत वाढलेल्यांना परडं म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यांचा जन्मच फ्लॅटमधला आहे त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या दाराबाहेरचा जमिनीचा तुकडा म्हणजे परडं. न्हाणीचं पाणी जायचं तिथं अळू, त्याच्या पलीकडे एखादी केळ, कुडावर घेवड्याचा नाहीतर दोडक्याचा वेल, कोपऱ्यात शेवगा, आणि उरलेल्या जागेत आईनं मूठभर फेकलेलं कोथमिरीचं, पोकळ्याचं बी. त्याला कुणी शेती म्हणत नव्हतं आणि बागही म्हणत नव्हतं. पण महिनाअखेरीस हातात पैसा उरला नाही की भाकरीबरोबरचं कोरड्यास परड्यातनं यायचं. माझ्या आईनं भाजीला पैसे मोजलेले मला फार क्वचित आठवतात.

आपले कागलचे आनंद यादव. त्यांच्या 'झोंबी'ला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता! ते पुस्तक मी बँकेत असताना वाचलं. बहुतेकांना त्यातली शाळेसाठीची धडपड लक्षात राहते. मला दुसरीच गोष्ट राहिली. सगळं घर पहाटेपासून मळ्यात राबतंय, आणि मळा दुसऱ्याचा आहे. कामाला कुणी कमी नाही, कसब आहे, पाण्याची पाळी कशी द्यायची ते पोरासोरांनाही कळतं. फक्त पायाखालची जागा आपली नाही. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा तिथंच येणार आहे.

आपली सोसायटी झाली तेव्हा आजूबाजूला ऊस होता. पुढं कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत वाढली, रस्ता रुंद झाला, आणि आपल्या कंपाउंडच्या मागं भाड्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. दहा बाय दहाची खोली, बाहेर सामाईक नळ, पुढं फरशी, मागं दुसऱ्याची भिंत. आपल्या घरात धुणं-भांडी करणाऱ्या मावशी तिथंच राहतात, आपला वॉचमन तिथंच, आणि कंत्राटदाराकडं रोजावर जाणारे कामगारही तिथंच. यातली बरीच माणसं शेतकऱ्यांच्या घरातली. कुणी कर्नाटकातनं आलेलं, कुणी सोलापूरकडनं, कुणी आपल्याच तालुक्यातल्या लहान गावातनं. म्हणजे ज्यांना खुरपं कसं धरायचं ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं, त्यांच्या दारात तुळशीपुरतीसुद्धा माती नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. सोसायटीनं वर्गणी काढून किट वाटली. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड, साबण. त्या किटची यादी मी केली होती आणि मला तिचा अभिमान होता. पंधरा दिवसांनी आमच्याकडच्या मावशी गेटपाशी आल्या. आत यायला मनाई होती, तेव्हा सौ. गेटच्या अलीकडे आणि त्या पलीकडे. काय हवं-नको विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तांदूळ हाय, डाळ हाय, समदं हाय वैनी. पोरांच्या ताटात हिरवं पान पडलं न्हाई बगा पंधरा दिस."

माझ्या यादीत हिरवं पान नव्हतं. नाशवंत माल नको, हिशेब लागत नाही, असं मीच म्हटलं होतं.

सौ.नी दुसऱ्या दिवशी 'बी'च्या गच्चीवर तांदळाची दोन रिकामी पोती नेली. कुणाला विचारलं नाही, मलाही नाही. त्यात मेथी आणि पोकळा पेरला. पालेभाजीच ती, वेळ कितीसा लागणार! पहिल्या पेंड्या गेटवरून पलीकडे गेल्या. मग वॉचमनच्या बायकोनं एक पोतं आणलं, मावशींनी दोन आणली, इस्त्रीवाल्याच्या आईनं जुनी बादली आणली. जून महिन्यात मी गच्चीवर गेलो तर तिथं सहा घरांची मिळून पन्नासच्या वर पोती उभी होती.

मी खजिनदार. माझा विरोध होता, आणि तो विरोध मूर्खपणाचा होता असं मी आजही म्हणणार नाही. एक घनफूट ओली माती पन्नास किलोच्या घरात जाते. पन्नास-साठ पोती मातीनं भरून स्लॅबवर ठेवली तर त्याचा जाब कोण देणार? पाणी मुरलं तर? वरच्या मजल्याचा सभासद माझ्याच दारात येणार. शिवाय बाहेरच्या माणसांची बिल्डिंगमध्ये ये-जा. हे सगळं मी सभेत मुद्देसूद मांडलं. चाळीस वर्षं कर्जाचे अर्ज नाकारण्यात गेलेल्या माणसाला मुद्दे शोधावे लागत नाहीत.

वजनाचं उत्तर मला गारगोटीहून मिळालं, म्हणजे गारगोटीला एके काळी शिकवत असलेल्या माणसाकडून. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे नाव इथल्या पन्नाशीच्या पुढच्या लोकांना माहीत असेल. गणिताचे प्राध्यापक. मौनी विद्यापीठात होते, पुढं कोल्हापुरात राहिले. त्यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यात कोण मोठा, कोण लहान असं नव्हतं. ज्यानं आपल्या रानात प्रयोग केला त्यानं तो बाकीच्यांना सांगायचा, एवढीच सभासद फी. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांनी अशीच एकमेकांना विचारत, सांगत द्राक्षं वाढवली. 'प्लेंटी फॉर ऑल' हे त्यांचं पुस्तक १९९८ साली आलं. आमच्या शाखेतल्या एका कृषी अधिकाऱ्यानं ते मला भेट दिलं होतं आणि मी ते वीस वर्षं न उघडता कपाटात ठेवलं होतं. लॉकडाऊनमध्ये वर्तमानपत्र बंद झालं म्हणून उघडलं.

त्यांचं म्हणणं गणितज्ञाला शोभेल असं आहे. झाडाचं जे सुकं वजन असतं त्यातला मातीतनं आलेला भाग शेकडा पाचाच्या आसपास. बाकी सगळं हवा आणि पाणी, आणि ते जोडून देणारं ऊन. म्हणजे आपण जे पीक घेतो ते उन्हाचं पीक. माती लागते, पण थोडी. मुळांना लागतो तो ओलावा, हवा आणि कुजलेला पालापाचोळा. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे ऊन असू शकतं, आणि ऊन गच्चीवर सगळ्यात जास्त.

त्यांच्या विचारानं मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर शेती केली. त्यांची पद्धत वाचली आणि मला हसू आलं, कारण ती कागलसाठीच शोधल्यासारखी आहे. पिशवीत खाली भरायची उसाची चिपाडं आणि वर थोडी माती. मुंबईत चिपाडं शोधावी लागत असतील, इथं रसवंतीवाल्याला ती कुठं टाकायची हा प्रश्न असतो. आम्ही हायवेवरच्या दोन रसवंत्यांशी ठरवलं. आठवड्यातनं दोनदा चिपाडं आणायची, ऊन दाखवायचं, बारीक करायची. पोत्यात खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर चिपाडं, वाळका पाला, घराघरातला भाजीचा कचरा, मधेमधे थोडं शेणखत आणि वर चार बोटं माती. भरलेलं पोतं एका बाईला उचलता येतं. वजनाचा माझा मुद्दा तिथं संपला.

खताचं म्हणाल तर अमृतजल. दहा लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं, मग दहापट पाणी घालून झाडाला द्यायचं. गूळ तर आपल्या कोल्हापूरचाच. वास येतो, पण पहिल्या दिवशीच. 'बी' विंगच्या काही सभासदांनी त्याबद्दल लेखी तक्रार केली होती, तीही माझ्या फायलीत आहे.

दाभोळकर आणि दोशी या दोघांच्या वाटेनं मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये प्रीती पाटील यांनी काम केलं. त्या तिथल्या कॅन्टीनच्या प्रमुख. स्वयंपाकघरातला ओला कचरा रोज बाहेर जायचा. २००२ च्या सुमाराला त्यांनी तो वर गच्चीवर न्यायला सुरुवात केली आणि स्वयंपाकघरातल्याच माणसांना बरोबर घेऊन तिथं भाज्या, फळझाडं वाढवली. यातली मला आवडलेली गोष्ट अशी की त्यांनी बाहेरून माळी आणला नाही. जे भाजी चिरत होते तेच भाजी लावायला लागले. पुढं त्या कामातनं 'अर्बन लीव्ह्ज' नावाचा गट झाला आणि धारावीला लागून असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात स्वयंसेवकांची सामाईक शेती उभी राहिली. ते उद्यान पूर्वी मुंबईच्या कचऱ्याचं आगार होतं.

आता मी ज्यासाठी उभा आहे तिकडं येतो.

२०२० च्या पावसाळ्यात समितीनं ठरवलं की या सहा घरांना गच्चीवर भाजी लावू द्यायला आपली हरकत नाही. हे त्यांना सांगायला मी वर गेलो. मला वाटलं, आभार वगैरे मानतील. आमच्या मावशी खुरपं खाली ठेवून म्हणाल्या, "हरकत न्हाई ते बरं झालं सायेब. पर उद्या चेअरमन बदललं मंजे? कायतरी कागद द्या की."

मी हसलो. म्हटलं, "मावशी, इतकी वर्षं आमच्या घरात येताय, विश्वास नाही का?"

त्या म्हणाल्या, "तुमच्यावर हाय. खोलीमालकावर बी हुता."

मला उत्तर सुचलं नाही. कागद मात्र दिला नाही. कशाला द्यायचा, उगाच हक्क सांगतील, असंच आम्हा सगळ्यांच्या मनात होतं. खोटं कशाला बोलू.

पुढचं वर्षभर मी एक गोष्ट बघत होतो आणि ती मला उशिरा कळली. ही मंडळी मेथी लावायची, कोथमीर लावायची, पोकळा, शेपू, चुका, मुळा. सगळं महिना-दीड महिन्यात हाताला येणारं. सौ.नी शेवग्याची रोपं आणून दिली, ती तशीच पिशवीत वाळली. जुन्या ड्रममध्ये लिंबू लावा म्हटलं, कढीपत्ता लावा म्हटलं, दोडक्याला मांडव करा म्हटलं. 'करूया की' म्हणायचे आणि पुन्हा मेथीच पेरायचे. मला वाटलं, आळस. किंवा माहिती नसेल. सौ. म्हणाल्या, "तुम्ही बँकेत काय केलंत हो इतकी वर्षं? उद्या उठवतील म्हणून भीती असलेला माणूस लिंबू लावेल का?"

बरोबर होतं. शेवग्याच्या शेंगेला वर्ष लागतं, लिंबाला तीन-चार. ज्याच्या हातात पुढच्या महिन्याचीच खात्री आहे तो चाळीस दिवसांचंच पीक घेणार. मी स्वतः हे कर्जदारांत शंभरदा पाहिलंय. १९७२ साली डी.आर.आय. योजना आली, गरिबातल्या गरिबाला चार टक्के व्याजानं कर्ज. आम्ही शाखेत अशी कर्जं वाटली. दुसऱ्याच्या जागेत टपरी असलेला माणूस कधी पत्रे बदलायचा नाही, तेवढ्या पैशात माल भरायचा. आम्ही त्याला उधळ्या म्हणायचो. माल उचलून नेता येतो, पत्रा नेता येत नाही, हे त्याला कळत होतं आणि आम्हाला नाही.

मग जुलै २०२१ आला. त्या पावसाची आठवण करून द्यायला नको, कोल्हापूर पाण्यात होतं. 'बी'च्या वरच्या मजल्यावर एका घरात छत गळायला लागलं. सगळ्यांचं बोट पोत्यांकडं. समितीची तातडीची बैठक झाली आणि दोन दिवसांत गच्ची मोकळी करण्याची नोटीस निघाली. नोटिशीवर खजिनदाराची सही होती, म्हणजे माझी. भर पावसात त्या बायका पोती एकेक करून चार जिने खाली आणत होत्या. लिफ्ट घाण होईल म्हणून ती वापरू नका असंही आपण सांगितलं होतं. वांग्याला पहिली फुलं होती. पार्किंगमध्ये ऊन नाही, आठवड्याभरात सगळं पिवळं पडलं.

पाऊस उघडल्यावर वॉटरप्रूफिंगवाला आला. त्यानं दोन तास ठोकून बघितलं आणि सांगितलं की गळती जुन्या पाण्याच्या टाकीच्या पाइपच्या सांध्यातनं आहे. पोती होती तिथला स्लॅब कोरडा होता. मंडळींनी प्रत्येक पोतं विटांवर ठेवलेलं होतं, पाणी निचरून जात होतं आणि त्या दररोज तिथं झाडत होत्या म्हणून तिकडचा भाग गच्चीवरचा सगळ्यात स्वच्छ भाग होता. दिवाळीनंतर आपण त्यांना परत वर बोलावलं. सहापैकी चार घरं आली. एक कुटुंब खोली सोडून गेलं होतं. एका बाईनं मात्र साफ सांगितलं, "आता न्हाई. दोनदा उचलायचं बळ न्हाई."

त्या नोटिशीबद्दल आपण कुणाची माफी मागितलेली नाही. म्हणून मी आज माझ्यापुरती सगळ्यांसमोर मागतो. मावशी, वैनी, माझं चुकलं.

(इथं टाळ्या वाजल्या. त्या नको होत्या, पण छापताना काढणं बरं दिसत नाही.)

चोरीबद्दलही बोललं पाहिजे, कारण बाहेरची माणसं येणार म्हणजे चोऱ्या होणार, असं आपणच म्हटलं होतं. पाच वर्षांत सोसायटीत एकही चोरी झाली नाही. गच्चीवर मात्र चोऱ्या झाल्या. चटणीपुरती कोथमीर, फोडणीपुरता कढीपत्ता, 'एवढीशीच' मिरची. वाळवण घालायला वर गेलेल्या कुणालाही तो मोह आवरला नाही. मीही एकदा चार मिरच्या तोडल्या आणि नेमकी इस्त्रीवाल्याची आई जिन्यात भेटली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी चार मिरच्या आमच्या दारात आणून ठेवल्या. त्यानंतर मी वर गेलो की हात मागं बांधून हिंडतो. पुढं गटानं एक नियम केला. सभासदांना भाजी हवी असेल तर बाजारभावानं विकत, सकाळी आठच्या आत, आणि वहीत नोंद. नियम त्यांचा आहे, आपला नाही. वहीही त्यांच्यातलीच बारावी झालेली एक मुलगी ठेवते. मी ती दर सहा महिन्यांनी तपासतो आणि अजून एकही चूक सापडलेली नाही, याचं मला थोडं वाईटही वाटतं.

आता हिशेब, कारण भावनेवर मी कधी कर्ज मंजूर केलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. तिच्याप्रमाणे माणसाला रोज ४०० ग्रॅम भाज्या हव्यात. पाच माणसांच्या घराला दोन किलो, महिन्याला साठ किलो. आपली गच्ची हे पुरवू शकते का? नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो बियाणं विकायला आलाय असं समजा. प्रत्येक घराच्या वाट्याला दहा-पंधरा पोती येतात, त्यातनं आठवड्याला तीन-चार पेंड्या पालेभाजी, हंगामात वांगी, मिरच्या, टोमॅटो निघतात. उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, हिरवी जाळी बांधूनसुद्धा निम्मं जळतं. मावा पडतो, घुशी येतात. गरिबी यानं हटत नाही.

पण जे निघतं ते नेमकं ताटात नसलेलं असतं. धान्य रेशनवर मिळतं. पालेभाजी रेशनवर मिळत नाही. आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमध्ये सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळलं. पैसा आटला की घरातनं आधी भाजी जाते, आणि भाजी कमी पडली की ती आधी बाईच्या ताटातनं जाते. हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही, आपल्या आया आठवा.

अर्जेंटिनात रोझारिओ नावाचं शहर आहे. २००१ साली त्या देशाची अर्थव्यवस्था कोसळली, लोकांचे रोजगार गेले. २००२ मध्ये तिथल्या नगरपालिकेनं गरीब कुटुंबांसाठी भाजी पिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. बियाणं दिलं, अवजारं दिली. ते आपल्याकडची सरकारंही देतात. पण शहरातल्या पडीक जागा वापरण्याची रीतसर परवानगी त्या कुटुंबांना दिली, ती मला महत्त्वाची वाटते. वीस वर्षं होत आली तरी तो कार्यक्रम टिकला आणि २०२१ मध्ये त्याला जागतिक पातळीवरचा मोठा पुरस्कार मिळाला. मावशींनी मागितला होता तोच कागद त्या नगरपालिकेनं दिला, एवढंच मला त्यातलं कळतं.

आता येत्या सभेतला विषय. सौरऊर्जेचा प्रस्ताव आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामाईक विजेसाठी अनुदान मिळतं, लिफ्टचं आणि पंपाचं बिल कमी होईल, मी शंभर टक्के बाजूनं आहे. अंदाजपत्रक मीच तपासलंय. प्रस्तावात पॅनेलची जागा लिहिली आहे : 'बी' बिल्डिंग, पूर्वेकडची गच्ची. का? 'ए' बिल्डिंगच्या गच्चीवर तेवढंच ऊन आहे. फरक इतकाच की 'ए'च्या गच्चीवर सभासदांच्या कुंड्या आहेत, डिश आहेत, एकाचा झोपाळा आहे. ते हलवायचे म्हणजे आठ जणांशी वाद. 'बी'वरची पोती हलवायला एक नोटीस पुरते. आपण ती आधी काढून बघितली आहे.

प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू आहे असं मी म्हणत नाही. माझ्याही मनात २०२१ ला नव्हता.

माझी सूचना अशी आहे. पॅनेल 'ए'वर बसवावीत. तिथं कमी पडली तर 'बी'वर उंच सांगाड्यावर बसवावीत, खाली अळू आणि पुदिना येतो, त्यांना सावली चालते. आणि त्याच सभेत दुसरा ठराव करावा. 'बी'च्या गच्चीचा पूर्वेकडचा अर्धा भाग पाच वर्षांसाठी सोसायटीची परसबाग म्हणून राखून ठेवावा. उपविधीप्रमाणे गच्ची कुणा एकाला खास वापरायला देता येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून ताबा सोसायटीचाच राहील. काम करणाऱ्या घरांचा गट बाग चालवेल, पीक त्यांचं. बागेच्या समितीवर त्यांच्यातले तिघे आणि आपल्यातले दोघे. कधी जागा परत लागलीच तर सहा महिन्यांची लेखी सूचना द्यावी आणि उभं पीक काढू द्यावं. दुरुस्तीसाठी पोती हलवायची झाली तर हलवायला माणसं सोसायटी देईल आणि लिफ्ट वापरता येईल. हे इतिवृत्तात लिहावं, आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत गटाच्या हातात द्यावी.

कुणी म्हणेल, एवढ्याशा भाजीला एवढा कागद कशाला, माणुसकीनं चाललंय की. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला तेव्हा आमच्या शाखेतही असंच म्हणाले होते, की या बायकांना कर्ज म्हणजे दानधर्म. त्या गटांनी वही ठेवली, ठराव लिहिले, मीटिंगला उशीर झाला तर दंड लावला, आणि फेड अशी केली की आमचे मोठे कर्जदार त्यांच्यापुढं लाजावेत. त्यांनी माणुसकी मागितलीच नव्हती. पासबुक मागितलं होतं.

मसुदा मी लिहून आणलाय, दीड पानाचा आहे. सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदकाची जागा मोकळी आहे. जेवताना तो माझ्या खिशात असेल.

जाता जाता एक. नोटिशीनंतर परत आलेल्या चार घरांची आता नऊ झाली आहेत, आणि मसुद्याची बातमी मागच्या महिन्यात वर पोहोचली. काल संध्याकाळी मी गच्चीवर गेलो होतो. निळ्या ड्रममध्ये कुणीतरी लिंबाचं रोप लावलंय. कुणी लावलं ते मी विचारलं नाही.

आजच्या जेवणातली पोकळ्याची भाजी आणि कोथमीर गच्चीवरची आहे. बाजारभावानं घेतली आहे, पावती फाइलला लावली आहे.